बाक सात, एक माणूस

१

बगळा गेला तेव्हा बसस्थानकाच्या प्रतीक्षालयात चाळीसएक माणसं बसली होती आणि त्यांतल्या एकाच्याही ते लक्षात आलं नाही. बारा वाजता सात नंबरच्या बाकावर तो सापडला. मांडीवर पॅड, हातात पेन, मान खाली. रोज तो असाच बसायचा, म्हणून तर कार्यालयात त्याला बगळा म्हणायचे.

बातमी मेळबाईंच्या टेबलावर दीड वाजता पोचली, दोन कागदांबरोबर. कागद आणणाऱ्या दुर्बीणकाकांचे डोळे लाल झाले होते.

“माझ्या समोर बसला होता हो, ताई,” ते म्हणाले. “बाराची वेळ झाली, मी गॅलरीतून खाली आलो, म्हटलं चल रे घरी. हात लावला तर गार. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. सत्तरीचा माणूस. दोघांचेही कागद मीच घेऊन आलो. काम काही थांबत नाही ना.”

काम खरंच थांबण्यासारखं नव्हतं. नगररचना कार्यालयाला ते प्रतीक्षालय पाडून नवं बांधायचं होतं, आणि पाडायच्या आधी माणसं तिथं नेमकं करतात काय, हे कार्यालयाला हवं होतं. म्हणून अकरा महिने दोन नोंदणारे रोज आठ ते बारा तिथं बसत. खाली बाक सातवर बगळा, वर गॅलरीत दुर्बीणकाका. दर दहा मिनिटांनी दोघांनी आपापल्या जागेवरून बारा बाकांवर नजर फिरवायची आणि लिहायचं: कुठल्या बाकावर किती माणसं आणि ती बसली आहेत, उभी आहेत की झोपली आहेत. बसलेल्याला गोल, उभ्याला रेघ, झोपलेल्याला फुली. सगळं शाईनं, खाडाखोड चालणार नाही. शेवटी शेऱ्याचा एक रकाना.

ते दोन कागद शेजारी ठेवून ताडून बघायचे, हे मेळबाईंचं काम. नावच त्यावरून पडलं होतं. मोठा फरक सापडला की त्या दोघांनाही एकेक चिठ्ठी पाठवत आणि खुलासा मागत. एखाददुसरा फरक असला तर ‘किरकोळ’ असा शिक्का मारून सोडून देत.

एक नियम मात्र त्यांनी स्वतः घातला होता. नोंदणाऱ्यांनी एकमेकांना मोजायचं नाही. पॅड हातात आहे तोवर नोंदणारा म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. पॅड खाली ठेवलं, काम थांबवलं, की तोही चारचौघांसारखा माणूस, आणि मग त्याला मोजायचं. या नियमाचा मेळबाईंना थोडा गर्वही होता.

काका गेले आणि त्यांनी बगळ्याचा कागद हातात घेतला. शेवटची ओळ अकरा पन्नासची होती. म्हणजे बिचारा शेवटपर्यंत काम करत होता. पण त्यांच्या डोक्यातून कालची संध्याकाळ जाईना.

काल बगळा स्वतः आला होता. मंगळवारच्या एका फरकाची चिठ्ठी त्याला गेली होती: नऊ वीसला बाक चारवर खालून दोन माणसं, वरून एक. असे फरक किरकोळात जायचे, पण त्या दिवशी मेळबाईंचं डोकं दुखत होतं आणि त्यांनी चिडून चिठ्ठी काढली होती. बगळा दारातच उभा राहिला. अकरा महिन्यांत त्याच्या तोंडून दहा वाक्यं निघाली नसतील.

“बाई, याचं उत्तर लेखी देत नाही,” तो म्हणाला. “लेखी उत्तराची नक्कल वर जाते. मला अजून एक खात्री करायची आहे. उद्या तोंडी सांगतो.”

बोलताना तो पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता. मेळबाईंना तेव्हा वाटलं होतं, वय झालं.

त्या विचारात असतानाच साहेबांनी आत डोकावलं. “मेळबाई, वाईट झालं. पण बाक रिकामा ठेवता येणार नाही. सोमवारपासून तुमच्या लेकीला बसवू. यादीत पहिलं नाव तिचंच आहे, आणि दुर्बीणकाकांनी तर तिच्यासाठी शब्द टाकलाय. पेढे आणा.”

मेळबाई उठून उभ्या राहिल्या खऱ्या, पण तोंडातून आभाराचा शब्द फुटेना. उद्या सांगतो म्हणणारा माणूस उद्याच मेला होता, आणि त्याच्या बाकावर आता त्यांची लेक बसणार होती.

२

शुक्रवारी सकाळी त्या प्रतीक्षालयात गेल्या. नोंदी सोमवारपर्यंत बंद होत्या, त्यामुळे गॅलरी रिकामी होती. अकरा महिने त्यांनी ही जागा फक्त कागदावर पाहिली होती. बाक चार कुठे, बाक नऊ कुठे, त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं, पण खांबांचा रंग पिवळा आहे हे त्यांना आज कळलं.

त्यांना पहिला संशय स्थानकप्रमुखांचा होता. या गृहस्थांच्या नाकावर माशी बसत नसे. स्वच्छतागृह तीन तास कुलूपबंद असल्याचं बगळ्यानं शेऱ्यात लिहिलं, ते वरपर्यंत गेलं, आणि प्रमुखांनी त्याला सगळ्यांदेखत उचलून बाहेर फेकायची धमकी दिली होती.

“दिली होती!” प्रमुख खेकसले. “तुम्हालाही देतो हवी तर. बसायचं, बघायचं, चुगल्या लिहायच्या. हे काय काम झालं? पण बाई, म्हातारा मेल्यापासून मला झोप नाही. मी दिवसातून वीस वेळा त्या बाकासमोरून जातो. काल साडेदहानंतर मी तिकीट खिडकीवर होतो, गर्दी होती. तिथून दिसत होता. मला वाटलं, लिहितोय.”

“हात हलत होता त्याचा?”

प्रमुखांनी रुमालानं मान पुसली. “आता ते कोण बघतं?”

बाक सातच्या मागच्या खांबावर एक ताजा कागद चिकटवलेला होता. एका मध्यमवयीन बाईचा फोटो, खाली हातानं लिहिलेलं: मंगळवारपासून बेपत्ता, रोज सकाळी इथून बसनं कामाला जात असे, हातात हिरवी पिशवी, कुणाला दिसल्यास तिच्या भावाला कळवावे. मेळबाईंनी तो दोनदा वाचला. ही बाई त्यांच्या ओळखीची होती. बाक चार, बसलेली, हिरवी पिशवी. पाच महिने ती त्यांना शेऱ्याच्या रकान्यात भेटत होती.

फरशी पुसणाऱ्या मावशी बादली घेऊन आल्या. सात नंबरच्या बाकापाशी येताच त्यांनी डोळ्याला पदर लावला.

“ताई, मी पापी आहे. परवा मी त्यांना बोलले. म्हटलं, सगळ्यांचं लिहिता, मी किती वेळा पुसते ते लिहा की एकदा. काल रुसूनच बसले माझ्यावर, आणि तसेच गेले.”

“रुसले हे कशावरून?”

“रोज पावणेअकराला मी इथं येते. घड्याळ लावावं तशी. मी आले की न बघता दोन्ही पाय वर उचलायचे, लहान मुलासारखे. मी खालून फडकं फिरवायची. काल उचलले नाहीत. मी उभी राहिले, खाकरले. नाही म्हणजे नाहीच. मग मीही रागानं पायाभोवतीनं पुसलं आणि गेले.”

पावणेअकराला ज्याचे पाय उचलले जात नव्हते, त्यानं पुढे अकरा पन्नासपर्यंत सात ओळी लिहिल्या होत्या.

३

कार्यालयात येऊन त्यांनी दार लोटून घेतलं, दोन्ही कागद समोर ठेवले आणि लाल पेन्सिल उचलली.

कागदावर अक्षरं फारशी नव्हतीच. आकडे, गोल, रेघा, फुल्या. असलं कुणीही कुणासारखं काढू शकतं. हस्ताक्षराचा काही उपयोग नव्हता. मग उरला मेळ, आणि त्यात मेळबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आठ ते साडेदहा सगळं नेहमीसारखं होतं. खालून खांबाआडचा माणूस सुटतो. वरून कडेवरचं मूल सुटतं. दर ओळीत एकदोन फरक. दोन माणसांचे डोळे सारखे नसतात, हे त्या अकरा महिन्यांत शिकल्या होत्या. फरक हीच तर दोघांनीही प्रामाणिकपणे पाहिल्याची खूण.

दहा चाळीसपासून फरक संपले. दहा चाळीस, दहा पन्नास, अकरा. आठ ओळी, प्रत्येकीत बारा बाक, आणि खालचं वरचं गोलाला गोल, फुलीला फुली जुळत होतं. असा मेळ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. हे दोघांनी पाहिलेलं नव्हतं. एकानं पाहिलं होतं आणि दोनदा लिहिलं होतं.

पण एक बाक जुळत नव्हता. आठही ओळींत, बाक सात. खालच्या कागदावर शून्य. वरच्या कागदावर एक माणूस, बसलेला.

बाक सातवर बगळा बसायचा. वरून त्याला कधीच मोजलं जात नसे, कारण त्याच्या हातात पॅड असे. कालही पॅड मांडीवर होतं, पेन बोटांत होतं. गॅलरीतून बघणाऱ्याला रोजच्यासारखा बगळाच दिसायला हवा होता. मग दहा चाळीसला वरच्या माणसानं त्याला मोजलं का?

उत्तर त्यांनीच केलेल्या नियमात होतं. काम थांबवलं की तो माणूस, आणि मग त्याला मोजायचं.

तेवढ्यात दार ढकलून दुर्बीणकाका आत आले, काखेत थर्मास.

“लागला का मेळ?” त्यांनी हसून विचारलं.

४

काका समोरच्या खुर्चीत बसले. त्यांनी थर्मासचं झाकण काढलं आणि दोन कपांत चहा ओतला. साऱ्या कार्यालयात त्यांच्या चहाचं कौतुक होतं. रोज साडेदहाची ओळ लिहून झाली की ते पाच मिनिटं खाली उतरत आणि बगळ्यालाही चहा देत. साडेदहा. मेळबाईंनी कपाकडे पाहिलं.

“घ्या ना, ताई.”

“पित्त झालंय काका. आज नको.”

“बरं.” काकांनी मान तिरकी करून टेबलावरचे कागद पाहिले. लाल पेन्सिलीच्या आठ खुणा सरळ रेषेत एकाखाली एक उभ्या होत्या. मग त्यांनी आपला चहा शांतपणे पिऊन संपवला.

“किरकोळ आहे,” ते म्हणाले. “एकाचा तर फरक. नेहमी सोडता तसा सोडून द्या.”

“हो. बघते.”

“बघा. सोमवारी लेक येतेय ना? मीच साहेबांना म्हटलं, मुलगी गुणी आहे, माझ्याच जोडीला द्या. वरून माझं लक्ष राहील तिच्यावर. सारखं.” ते उठले. “सोमवारपर्यंत शिक्का मारून ठेवा, ताई. म्हणजे कुणाला घोर नको.”

ते गेल्यावर मेळबाईंनी आधी दाराला कडी घातली. मग दुसरा कप खिडकीबाहेर ओतायला निघाल्या आणि थबकल्या. त्यांनी तो औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून बूच लावलं.

आणि मग त्या माणसाचा एक शब्द त्यांच्या कानात अडकला. नेहमी.

त्यांनी कपाट उघडलं. अकरा महिन्यांचे गठ्ठे. बगळ्याच्या शेऱ्याच्या रकान्यावरून त्या बोट फिरवत गेल्या. तिसऱ्या महिन्यात एका ठिकाणी लिहिलं होतं: ‘विणकामवाल्या आजी आज नाहीत.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. त्यानंतर आजी कधीच आल्या नाहीत. त्या शेवटच्या दिसल्या त्या दिवसाचा कागद मेळबाईंनी काढला. आजींच्या बाकावर खालून दोन माणसं, वरून एक. वर त्यांचा स्वतःचा शिक्का: किरकोळ.

सहाव्या महिन्यात कुबडीवाले गृहस्थ. आठव्यात टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा, एकटा राहणारा. दोघांच्याही शेवटच्या दिवशी तेच. खालून दोन, वरून एक. किरकोळ, किरकोळ.

आता सगळं लख्ख दिसत होतं. काका गॅलरीत पॅड ठेवून खाली उतरायचे आणि एकट्या माणसाशेजारी जाऊन बसायचे. वर परतल्यावर ओळ भरताना स्वतःला धरायचे नाहीत. बगळा मात्र नियमानं चालणारा. काकांच्या हातात पॅड नाही, म्हणजे तो माणूस, म्हणून मोजला. त्याच्या मनात कसलाही संशय नव्हता. संशय आला तो मंगळवारच्या चिठ्ठीनंतर, हिरव्या पिशवीची बाई दुसऱ्या दिवशी आली नाही तेव्हा.

आणि चिठ्ठीच्या दोन प्रती निघायच्या. एक खाली, एक वर. खालच्या माणसानं तुम्हाला मोजलंय, हे काकांना कुणी कळवलं होतं? मेळबाईंनीच, सहीशिक्क्यानिशी. त्या मटकन खाली बसल्या आणि रडल्या. बगळ्यासाठी रडणारं दुसरं कुणी होतं की नाही, हेही त्यांना माहीत नव्हतं.

५

फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास स्पष्ट होता.

“बाई, एका आकड्यावरून मी कुणाला आत टाकू?”

“माणूस खोटं बोलेल, आकडा बोलत नाही,” मेळबाई म्हणाल्या. “मृतदेह तपासा. ही चहाची बाटली घ्या.”

बाटलीतल्या चहात काहीच निघालं नाही. बगळ्याच्या पोटात मात्र हृदयाच्या औषधाचा दहापट डोस निघाला. रविवारी दुपारी फौजदार ते सांगायला स्वतः घरी आले.

“पण तो हेच औषध घेत होता,” ते म्हणाले. “वकील म्हणेल, चुकून जास्त घेतल्या गोळ्या. काकांच्या घरी सरळ शिरलो आणि काही सापडलं नाही, तर ती हिरव्या पिशवीची बाई कुठे आहे हे कधीच कळणार नाही. उद्या बारानंतर त्याचा पाठलाग करतो. तोवर त्याला शंका येता कामा नये.”

“शंका येणार नाही,” दारातून आवाज आला. लेक उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. “मी उद्या बाकावर बसते.”

“तू घराबाहेर पाऊल टाकणार नाहीस!” मेळबाई ओरडल्या.

“मी गेले नाही तर त्याला लगेच कळेल, आई. तो पळेल. आणि ती बाई अजून जिवंत असली तर?”

“असली तर! आणि तुला काही झालं तर?”

“मी काही पिणार नाही, काही खाणार नाही. फौजदारसाहेब असतील ना?”

“समोरच्या बाकावर असेन,” फौजदार म्हणाले. “साध्या कपड्यांत.”

मेळबाईंनी लेकीकडे पाहिलं. पोर हट्टी होती, आणि हा हट्ट नेमका कुणाकडून आला हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

६

सोमवारी सकाळी लेक सात नंबरच्या बाकावर बसली होती. फौजदार बाक पाचवर पेपर उघडून बसले होते, आणि पान उलटायला विसरत होते. मेळबाई तिकीट खिडकीमागे, स्थानकप्रमुखांच्या खोलीत. प्रमुखांनी एकही प्रश्न न विचारता त्यांना खुर्ची दिली होती आणि स्वतः उभे राहिले होते.

गॅलरीच्या कठड्यामागे काकांचं डोकं दिसत होतं. मांडीवर पॅड. एरवीपेक्षा ते जाडजूड वाटत होतं. दर दहा मिनिटांनी त्यांचं डोकं सावकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेला फिरे आणि सात नंबरच्या बाकावर येऊन थांबे. मग तिथंच राही.

नऊ. साडेनऊ. दहा.

साडेदहाला काका उठले. त्यांनी पॅड खुर्चीवर ठेवलं, थर्मास काखेत मारला आणि जिना उतरून ते लेकीशेजारी जाऊन बसले. त्यांनी चहा ओतला. लेक मान हलवून नको म्हणाली. काका हसले, काहीतरी बोलले, आणि त्यांनी कप तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला.

ठरलं होतं की मेळबाईंनी काही झालं तरी बाहेर यायचं नाही. त्या कधी उठल्या आणि धावत बाक सातपाशी कधी पोचल्या, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्यांनी लेकीच्या हातातून कप ओढून घेतला. चहा फरशीवर सांडला.

“आधी तुम्ही प्या, काका,” त्या म्हणाल्या.

काकांनी कपाकडे पाहिलं, उरलेला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. “साधा चहा आहे, ताई. काय हे? लोक बघताहेत.”

लोक खरंच बघत होते. फौजदारांनी कपाळावर हात मारला. पाठलागाचा बेत फिसकटला होता. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता, आणि मेळबाई थेट काकांसमोर उभ्या राहिल्या.

“एकच खुलासा हवाय. गुरुवारी दहा चाळीसपासून अकरा पन्नासपर्यंत बाक सातवर तुम्ही एक माणूस मोजलात. कोण होता तो?”

“एक प्रवासी,” काका लगेच म्हणाले. “बगळ्याशेजारी बसला होता.”

“सव्वा तास?”

“असेल. बस चुकली असेल त्याची.”

“या बाकावर दोनच माणसं मावतात. तुम्हाला वरून दिसलेला प्रवासी, मांडीला मांडी लावून बसलेल्या बगळ्याला आठही वेळा दिसला नाही? त्याच्या कागदावर शून्य आहे. आणि बाकीचे अकरा बाक मात्र तुमच्याशी तंतोतंत जुळतात. अकरा महिन्यांत तुमची एकही ओळ जुळली नव्हती.” मेळबाई मागे वळल्या. “मावशी, गुरुवारी पावणेअकराला इथं कोण होतं?”

मावशी फडकं घेऊन जागच्या जागी उभ्या होत्या. “तेच एकटे,” त्या म्हणाल्या. “शेजारी कुणी नव्हतं. मी दोन्ही बाजूंनी पुसलं ना.”

“म्हणजे तुम्ही मोजलात तो बगळा. पॅड त्याच्या मांडीवर होतं, पेन हातात होतं. खाली शेजारून पुसणाऱ्या मावशींना वाटलं, रुसलाय. खिडकीतून प्रमुखांना वाटलं, लिहितोय. तो आता लिहिणार नाही, हे इथं फक्त एकाच माणसाला माहीत होतं. साडेदहाला त्याला चहा देऊन गेला त्याला. तुम्ही वर गेलात आणि काम थांबलं की मोजायचं, या सवयीनं त्याला मोजलंत. नंतर त्याच्या आठ ओळी तुमच्या कागदावरून उतरवल्यात, बाक सातवर त्याच्यासारखंच शून्य मांडलंत, तेव्हा ते ध्यानात आलं. पण शाईवर खाडाखोड करता येत नाही.”

काकांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, त्यामुळे बघणाऱ्यालाच भीती वाटत होती. त्यांची नजर फक्त एकदा वर गॅलरीकडे गेली आणि परत आली. एरवी ती कुणाच्या लक्षात आली नसती, पण लेकीचं आजचं कामच बघण्याचं होतं.

“साहेब,” ती म्हणाली, “त्यांचं पॅड वर आहे.”

फौजदारांनी काकांचा दंड धरला आणि स्थानकप्रमुख, ज्यांना या कामाचा सगळ्यांत जास्त तिटकारा होता, ते दोन दोन पायऱ्या चढत वर पळाले.

पॅडवर आजचा कागद होता. त्याखाली पातळ कागदांचे पाच गठ्ठे, तेच रकाने आखलेले. मेळबाईंनीच ते उघडले, कारण ते वाचण्याची सवय त्यांनाच होती. पहिल्यात विणकामवाल्या आजी होत्या. कुठे बसतात, किती वाजता उठतात, घरी कोण नाही. मग जागेच्या रकान्यात ‘मागची खोली’. त्यानंतर दर तासाला एक, बसलेली, एक, झोपलेली. नऊ दिवस. शेवटच्या ओळीत शून्य. कुबडीवाले, शून्य. टेपरेकॉर्डरवाला, शून्य.

चौथा गठ्ठा हिरव्या पिशवीचा होता. मेळबाईंचं बोट शेवटच्या ओळीपर्यंत गेलं. आजची तारीख. सकाळी सात. मागची खोली. एक, बसलेली.

“साहेब, जिवंत आहे,” त्या किंचाळल्या. “सातला जिवंत होती!”

फौजदार काकांना बाहेर थांबवलेल्या हवालदाराच्या हाती देऊन त्यांच्या घराकडे धावले. पुढचा पाऊण तास मायलेकी त्याच बाकावर बसून होत्या. मावशींनी पाणी आणून दिलं. शेवटी प्रमुखांच्या खोलीतला फोन वाजला, आणि ते दारात येऊन होकारार्थी मान हलवत राहिले. बाई सापडली होती. अशक्त होती, पण भावाचं नाव घेत होती.

पाचवा गठ्ठा अजून उघडायचा होता. सगळ्यांत पातळ तोच. लेकीनं तो मांडीवर घेतला आणि ती वाचायला लागली. मेळबाईंनी तो ओढायचा प्रयत्न केला, तिनं दिला नाही.

तीन आठवड्यांच्या नोंदी. शिकवणीला जाण्याची वेळ, निळी छत्री, कुठल्या रस्त्याला वर्दळ कमी. पण प्रत्येक दिवसाची पहिली ओळ एकच होती. ‘सात दहा. निघाली. आई खिडकीत, वळण येईपर्यंत.’ दुसऱ्या दिवशी तेच. ‘आई खिडकीत, वळण येईपर्यंत.’ अठरा दिवस, अठरा वेळा.

“तू रोज उभी असतेस?” लेकीनं विचारलं. “मला कधीच कळलं नाही.”

मेळबाईंनी तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. त्यांच्या घरासमोरच्या फूटपाथवर, खिडकीच्या नेमकं समोर, अठरा सकाळी तो माणूस हातात कागद घेऊन उभा होता.

“असते गं,” त्या म्हणाल्या. “पण मी बघत होते फक्त तुझ्याकडे. तो समोरच उभा होता, आणि मी त्याला एकदाही पाहिलं नाही.”